वीतभर अपुरा पडदा

टपालबाईचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही, पण ते घ्यायची वेळ कधी कुणावर यायची नाही. उभी हयात टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात गेली, म्हणून ती टपालबाई. कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून वरच्या मजल्यावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांचीच टपालबाई. नोकरी तिनं मुदत संपायच्या आधीच सोडली. आई मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ते जोडलं खरं, पण आई पुन्हा पायांवर उभी राहिली नाही.

लग्न टपालबाईनं केलं नव्हतं. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ पाटी-दप्तरातच होता. कुणीतरी कमावतं व्हायला हवं होतं. नंतर बघू, नंतर बघू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. त्याचं दुःख ती उगाळत बसली नव्हती. भावाला तिनं शिकवलं, म्हणजे जेवढं त्यानं शिकून घेतलं तेवढं शिकवलं. त्याच्या शर्टाची बटणं लावली, त्याची खोटी सर्दी आणि खरा ताप दोन्ही ओळखले. तो तिचा भाऊ कमी आणि लेक जास्त होता. आईचा मात्र तो लेकच होता, आणि लेकीच्या आणि लेकाच्या वाट्याला आईचं जे येतं ते कुठल्या घरात सारखं असतं?

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. आतली खोली शांत होती, पण तिचं दार अरुंद. दवाखान्यातून आणलेली खाली-वर होणारी खाट आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. दारातून ती काही आत जाईना. शेवटी खाट पुढच्या खोलीत राहिली, खिडकीला लागून. खिडकी ऐसपैस, जवळजवळ भिंतभर. खिडकीबाहेर फूटपाथ आणि फूटपाथवर बस थांबा.

बसची वाट पाहणाऱ्याला दुसरा उद्योग नसतो. तो आधी रस्त्याकडे बघतो, मग घड्याळाकडे, मग समोर जे दिसेल त्याकडे. समोर दिसायची टपालबाईची पुढची खोली. त्या माणसांचं काही चुकत होतं असंही नाही. ताटकळलेल्या माणसाची नजर कुठेतरी टेकणारच. जुने पडदे धुऊन धुऊन चाळणीसारखे झालेले. संध्याकाळी दिवा लावला की खोली बाहेरून दुकानाच्या काचेसारखी लख्ख दिसायची.

एकदा टपालबाई आईचं अंग पुसत होती. ओलं फडकं पाठीवरून फिरवायला तिनं आईला कुशीवर वळवलं, आणि आईचं तोंड नेमकं खिडकीकडे झालं. थांब्यावर एका बाईच्या कडेवर लहान मूल होतं. त्यानं बोट दाखवलं. बाईनं पाहिलं, चटकन मान वळवली आणि मुलाचं बोट धरून खाली केलं. एवढंच झालं. पण आईनं ते पाहिलं होतं.

"झाक मला," ती म्हणाली.

"आई, ती गेली गं. बस आली बघ."

"झाक म्हणते ना."

त्या दिवसापासून आई भिंतीकडे तोंड करून पडू लागली. पुसायचं असेल तर दिवा बंद करून पूस, नाहीतर पुसू नकोस. अंधारात चाचपडत टपालबाई तिचं अंग पुसायची. पाठीला जखम होऊ लागली होती, ती तिला नीट दिसायची नाही. परिचारिका आठवड्यातून एकदा यायची, तिनं ती पाहिली आणि बोल लावला. "बाई, उजेडात बघत जा हो. हे वेळेवर दिसायला हवं होतं."

बोल मनाला लागला. टपालबाईनं ठरवलं, आता पडदे घ्यायचेच, जाड, अस्तराचे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारे. आणि पडदे घ्यायचे तर दुसरीकडे कुठे? धाकटा भाऊ पडद्यांच्या दुकानातच कामाला होता. घरोघर जाऊन मापं घ्यायची आणि शिवून आलेला माल बसवून द्यायचा, हे त्याचं काम. घरचाच माणूस असल्यावर चिंता कसली.

भाऊ माप घ्यायला आला तो हसत-खिदळतच. "आई, तुझ्यासाठी राजवाड्यातले पडदे आणतो की नाही बघ!" आई कितीतरी दिवसांनी हसली, खिडकीकडे वळली. तिनं त्याला जवळ बसवून घेतलं, त्याच्या मुलीची चौकशी केली, तो बारीक दिसतो म्हणून टपालबाईलाच दटावलं, जणू तो अजून हिच्याच ताटात जेवत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजू लागला. मालकाचा. अजून दोन घरं व्हायचीत, कुठे अडकलास. भाऊ स्टुलावर चढला, फोन खांद्यात आणि मानेत धरला.

"ताई, टेपचं टोक धर गं तिकडे."

तिनं धरलं. त्यानं चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप ताणली, आकडा वाचला, फोनवर "हो साहेब, निघालोच" म्हणाला आणि आकडा टिपून घेतला.

"अरे, पण रॉड तर भिंतीपर्यंत जाणार ना?" तिनं विचारलं.

"कळतं गं मला. इतकी वर्षं काय गवत उपटतोय का?"

ती हसली. पैसे तिनं दुसऱ्याच दिवशी पूर्ण भरले. कापड स्वतः निवडलं, गडद हिरवं, हाताला गच्च लागणारं.

पडदे आले तेव्हा ते बसवायला भाऊच आला. रॉड भिंतीपासून भिंतीपर्यंत बसला. हुक एकेक करून अडकले. त्यानं दोन्ही पल्ले मधोमध ओढून आणले, आणि खाटेच्या बाजूला भिंतीलगत वीतभर फट राहिली; बाहेरून तिरकं पाहिलं तर तिथून उशी दिसली असती. खाटेच्या बाजूचा पल्ला त्यानं भिंतीकडे सरकवला. आता फट मधोमध आली. पडद्याला म्हणून चुण्या असतात, त्या इथे नावालाही नव्हत्या. कापड वाळत घातलेल्या चादरीसारखं सपाट ताणलं गेलं होतं. मधोमधच्या त्या फटीतून बस थांब्यावरचा एक टोपीवाला माणूस स्पष्ट दिसत होता.

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. तो स्टुलावरून उतरला, पुन्हा चढला, उगाच एक हुक काढून पुन्हा लावला.

"चौकटीचंच माप धरलं गेलं," तो पुटपुटला. "ताई, तू काळजी करू नकोस. मी मालकाशी बोलतो. नवे शिवून घेतो."

"बोल बाबा. आईचं तुला माहीतच आहे."

"बोलतो म्हटलं ना."

तो बोलला की नाही, टपालबाईला कळलं नाही. त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. फोन केला की म्हणायचा, मालक गावाला गेलेत, मालक आजारी आहेत, आता लग्नसराईचे दिवस आहेत. टपालबाईनं फटीवर एक जुनी चादर चिमट्यांनी लावली. खिडकी उघडली की वाऱ्यानं चिमटे सुटायचे. नाही उघडली की खोलीत आजारपणाचा कोंदट वास साचायचा. आई भिंतीकडेच तोंड करून राहिली.

शेवटी ती स्वतः दुकानात गेली. दुकान मोठं, झगमगीत. छतापासून पडद्यांचे नमुने लोंबत होते. मालक गोड बोलणारा माणूस. त्यानं तिला खुर्ची दिली, आईची विचारपूस केली, आणि मग तितक्याच गोडीनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मापानुसार शिवलेला माल परत घेतला जाणार नाही.

"बाई, तयार माल असता तर आत्ता बदलून दिला असता. पण हे तुमच्या मापाचं. दुसऱ्या कुणाच्या खिडकीला ते लागणार का? तुम्हीच सांगा."

"माझ्याही खिडकीला लागत नाही ना."

"आता तुम्ही माप तसं दिलंत त्याला मी काय करू?"

टपालबाईनं मागे वळून पाहिलं. भाऊ रॉडचा भारा खांद्यावर घेऊन मागच्या दारातून येत होता. त्यानं ते ऐकलं. त्यानं भारा खाली ठेवला, एकेक रॉड कोपऱ्यात उभा करू लागला आणि नजर वर केलीच नाही.

"माप मी दिलं नाही," टपालबाई मालकाला म्हणाली, पण बघत होती भावाकडे. "माप घ्यायला तुमचा माणूस आला होता."

"हो, आला असेल. टेप कुणी धरली होती?"

आता हे मालकाला कसं कळलं, हे विचारायची तिला गरज नव्हती. ती उठली. मालक मागून म्हणत होता, हवं तर त्याच रंगाचा एक पट्टा जोडून देतो, शिलाईचं वेगळं पडेल. ती दुकानाबाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते.

कचेरीतली एक जुनी मैत्रीण, तिकिटं विकायच्या काउंटरवर बसायची ती, अधूनमधून आईला बघायला यायची. तिला हे कळल्यावर तिनं टपालबाईला धरून ग्राहकांच्या सल्ला केंद्रात नेलं. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलं, खुर्च्यांच्या पाठीवर टाकलेले कोट. तिथल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. बाई तिशीतली असेल. जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलताना तो सारखा काढून पुसायची सवय.

"ती पाटी तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "ज्याचं मन बदललं, ज्याला आता हिरव्याऐवजी निळं हवंय, त्याच्यासाठी आहे ती. त्याला मापाचा माल परत करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण जे तुमच्या मापाचं म्हणून विकलं ते तुमच्या मापाला बसायला नको का? नाही बसलं तर ते मापाचं कुठे राहिलं? ते बिघडलेलं सामान. दुरुस्त करून द्या, नवं द्या, नाहीतर पैसे परत द्या. भिंतीवर काहीही लिहिलं तरी कायदा त्याखाली झाकला जात नाही."

"पण माप माझ्या भावानं घेतलंय."

"तुमच्या भावानं नाही, दुकानाच्या माणसानं. तो तिथे भाऊ म्हणून आला होता का? दुकानाच्या कामावर होता. त्याची चूक ती दुकानाची चूक. त्याच्या खिशातून काही जाणार नाही."

टपालबाईला हे ऐकून बरं वाटलं. बाई शहाणी होती आणि जे बोलत होती ते सोळा आणे खरं होतं. तिच्या सांगण्याप्रमाणे टपालबाईनं आधी दुकानाला लेखी कळवलं: माल दुरुस्त करून द्यावा. उत्तर आलं की माप ग्राहकानंच दिलं होतं. मग ग्राहक मंचात तक्रार गेली.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ आला. हातात आईसाठी फळं होती. टपालबाईशी न बोलता तो खाटेच्या कडेवर बसला, आणि आई त्याच्याकडे वळली. त्यानं फळ सोलून तिला भरवलं. मग हात पुसत म्हणाला,

"ताई, ते मागे घे."

"का म्हणून?"

"मालक म्हणतोय, सुनावणीच्या तारखेच्या आत मागे नाही घेतलं तर दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नकोस."

"असं करता येत नाही त्याला. त्या बाईंनी सांगितलंय, तुझ्यावर काही..."

"त्या बाई येणार आहेत का माझ्या जागी मोजमाप करायला?" त्याचा आवाज चढला. "कायदा, कायदा! कायदा काय माझ्या घरी येऊन चूल पेटवणार आहे? मी पस्तिशी उलटलेला माणूस, पडद्यांशिवाय दुसरं काही येत नाही मला. शहरात पडद्यांची दुकानं किती, आणि ते सगळे मालक एकमेकांना ओळखतात."

"मग तू त्याला सांगितलंस का, टेप मी धरली होती म्हणून?"

तो फळाच्या साली गोळा करू लागला.

"तू चौकटीचं माप घेतलंस," टपालबाई हळू म्हणाली. "चूक होते रे. मी एवढी पत्रं निवडली, मी काय कधी चुकीच्या खणात टाकली नाहीत? पण ती मी टाकली असं म्हणायची. दुसऱ्यानं टाकली असं नाही."

"घे मागे," आई म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघू लागली.

"आई, हे तुझ्यासाठीच चाललंय ना?"

"माझ्यासाठी नको. मी भिंतीकडे तोंड करून पडते, मला सवय झालीय. पोराच्या पोटावर पाय देऊन मला पडदे नकोत."

टपालबाई आत गेली. आतल्या खोलीत बसून तिनं पुढच्या खोलीतलं बोलणं ऐकलं. आई त्याची समजूत घालत होती, की ती तशी वाईट नाही, हट्टी आहे, लहानपणापासूनच हट्टी. जिनं आपलं सगळं आयुष्य या दोघांच्या पायाशी ओतलं, तिच्याबद्दल ती दोघं शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलत होती. तिला रडू आलं नाही. नुसता राग आला. आणि रागापेक्षा जड असं काहीतरी, ज्याला तिच्याजवळ शब्द नव्हता. तक्रार तिनं मागे घेतली नाही. हे हट्टानं झालं की न्यायासाठी, हे पुढे तिचं तिलाही सांगता यायचं नाही.

मंचाची खोली शाळेच्या वर्गासारखी होती; समोर उंच टेबल, त्यामागे तीन माणसं. मधल्या खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. मालकानं वकील आणला होता. मालकाच्या शेजारी भाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून. तो शर्ट टपालबाईनंच त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला घेऊन दिला होता. टपालबाईच्या मागच्या बाकावर सल्ला केंद्रातली बाई बसली होती.

वकिलानं भावाला उभं केलं.

"माप कुणी घेतलं?"

"ताईनं... म्हणजे ग्राहकानं सांगितलं. टेप त्यांनी धरली होती. मी फक्त लिहून घेतलं."

"त्यांनी" म्हणाला तो. तिच्या मांडीवर झोपून ज्यानं पाढे पाठ केले त्यानं तिला "त्यांनी" म्हटलं.

अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, "तुम्हाला यावर काही सांगायचंय?"

ती उभी राहिली. भाऊ समोरच्या टेबलाच्या पायाकडे बघत होता. क्षणभर तिच्या मनात आलं, हो म्हणावं. मीच सांगितलं म्हणावं आणि घरी जावं, चादर आणखी घट्ट लावावी. ओठांपर्यंत आलंही होतं. मग तिला आईच्या पाठीवरची जखम आठवली, अंधारात हाताला लागणारी ती ओली जागा.

"टेपचं नुसतं टोक माझ्या हातात होतं," ती म्हणाली. "माप त्यानं घेतलं. आकडा त्यानं वाचला. तो खोटं बोलतोय."

भावानं डोळे मिटले.

अध्यक्षबाईंनी शेजारच्या दोघांशी काहीतरी कुजबूज केली. मग त्या मालकाकडे वळल्या.

"तुमचा माणूस यांच्या घरी गेला होता, हे तुम्हाला मान्य आहे?"

"हो, पण..."

"टेप तुमच्या दुकानाची होती?"

"हो."

"मग आकडा कुणी उच्चारला हा वादच फिजूल आहे. तुमचा माणूस माप घ्यायलाच गेला होता. बरोबर माप घेणं, आणि चुकत असेल तर तिथल्या तिथे सांगणं, हे तुमच्या दुकानाचं काम. टेपचं टोक गिऱ्हाइकानं धरलं म्हणून गिऱ्हाईक शिंपी होत नाही."

कुणीतरी हसलं. मालकाचा चेहरा उतरला. निकाल टपालबाईच्या बाजूनं लागला: नवे पडदे नीट मापानं शिवून, बसवून द्यावेत, आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्यावी.

बाहेर व्हरांड्यात सल्ला केंद्रातल्या बाईनं तिचे दोन्ही हात धरले. "जिंकलात तुम्ही!"

भाऊ त्यांच्या शेजारून निघून गेला. जिना उतरताना त्यानं एकदा कठडा धरला, आणि मग तो दिसेनासा झाला.

"त्या म्हणाल्या, आकडा कुणी सांगितला हा वादच फिजूल," टपालबाई म्हणाली. "मग मी ते बोलले नसते तरी चाललं असतं?"

"तुम्हाला विचारलं, तुम्ही खरं उत्तर दिलंत."

"खरं होतं ते मला ठाऊक आहे. बोलायची गरज होती का, ते विचारतेय मी."

बाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नव्हती," ती म्हणाली. "बहुतेक नव्हती."

नवे पडदे आले. बसवायला दुसराच कुणीतरी आला, तोंडात खिळे धरून काम करणारा अबोल माणूस. या वेळी कापड भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलं, भरगच्च चुण्या घेऊन. "बघा बाई, काडीएवढी फट नाही," तो म्हणाला. खरंच नव्हती. टपालबाईनं त्या संध्याकाळी दिवा लावला, पाणी गरम केलं, आणि आईची पाठ नीट बघून पुसली. जखम तिच्या भीतीपेक्षा खोल होती. आईनं पुसू दिलं, जसं परिचारिकेला पुसू द्यायची तसं.

मालकानं भावाला कामावरून काढलं असं कुणी म्हणू शकलं नसतं. सध्या काम मंद आहे, लागलं की बोलावतो, एवढंच तो म्हणाला, आणि बोलावलं नाही. भावाला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम मिळालं. घरी तो यायचा थांबला. आईच्या फोनवर तो फोन करायचा, पण टपालबाई बाजारात गेलेली असतानाच. तिला कसं कळायचं? ती परत आली की फोन आईच्या उशाखाली कोमट असायचा.

आईचं जेवण कमी झालं. "तो आला असता तर खाल्लं असतं," असं ती कधी म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही, आणि तेच टपालबाईला सोसेना. एका दुपारी शेजारणीला आईजवळ बसवून ती गोदामावर गेली. फाटकाशी उभी राहिली. सुट्टीची घंटा झाली, माणसं बाहेर आली, त्यांत तो होता. त्याच्या केसांत धूळ होती. तो बारीक झाला होता, आणि या वेळी ते खरंच होतं.

"आई बरी आहे ना?" त्यानं आधी तेच विचारलं.

"जेवत नाही."

तो थांबला. माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात राहिली.

"मी चुकलो," तो म्हणाला. "खोटं बोललो. ते मला मान्य आहे. पण ताई, तू मला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालीस. रात्रंदिवस तेच कानात वाजतं. मी काय करू?"

"मीही तेच ऐकते," ती म्हणाली.

"दुसऱ्या कुणी म्हटलं असतं ना, तर मी विसरलो असतो."

तिला त्याच्या केसांतली धूळ झटकावीशी वाटली. हात उचलला गेला नाही.

"आईला बघायला ये," ती म्हणाली. "मला भेटू नकोस हवं तर. रविवारी सकाळी मी घरी नसते."

"कुठे असतेस?"

"नसते," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तो यायचं कबूल करतोय की नुसता निरोप घेतोय हे तिला कळलं नाही. पण पुढच्या रविवारी ती किल्ली शेजारणीकडे ठेवून बाहेर पडली आणि दुपारी परतली, तेव्हा आईचे केस विंचरलेले होते. भांग वाकडा होता, पण केस विंचरलेले होते.

तेव्हापासून तसंच चाललं आहे. रविवारी सकाळी टपालबाई बाहेर पडते. सुरुवातीला मैत्रिणीकडे जायची, पण दर आठवड्याला कुणाकडे जायचं, आणि का आले हे किती वेळा झाकायचं? मग ती बाजारात फिरते, वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसते, थंडी असली तर रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात जाऊन बसते. तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही. दुपारी घरी आली की आई थोडं बोलते. "आज त्यानं नखं कापली." "पोरगी आली होती त्याची, उंच झालीय." टपालबाई हं म्हणते, भांडी बघते. सगळं धुऊन पालथं घातलेलं असतं, पण तिच्या ठरलेल्या जागी नाही. जिथे लहानपणी ठेवायचा तिथे.

एकदा तिच्या पायात गोळा आला म्हणून ती लवकर परतली. दाराशी पोचली तेव्हा आतून आवाज येत होता. भाऊ कसलीतरी नक्कल करत होता, बहुधा गोदामाच्या मुकादमाची, आणि आई हसत होती. खोकला येईपर्यंत हसत होती. टपालबाईचा हात कडीपर्यंत गेला. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, एक पाय उचलून धरून. आत आई म्हणाली, "पुरे रे आता, पाठ दुखते." आणि तो म्हणाला, "थांब, उशी सरळ करतो."

ती आल्या पावली वळली आणि भिंतीला धरून हळूहळू कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ, टपालबाई?" तिला काहीच नको होतं. तिनं साबण मागितला.